हार घालता येईल असा फोटो

शिवनाथ नदीच्या काठावर मुंडन करून घरी आलो आणि मोबाइल उघडायला गेलो, तर मोबाइलने मला ओळखले नाही. डोके गुळगुळीत, कॉलेजपासूनची मिशी गेलेली. चेहरा पुढे-मागे करून पाहिला, खिडकीशी उजेडात जाऊन पाहिले, शेवटी आकडे दाबून उघडला. मुलगी समोर बसली होती. तिला रडता रडता हसू आले. म्हणाली, "बाबा, तुमचाच धंदा तुमच्यावर उलटला."

तिचे म्हणणे खरे होते. चेहरे ओळखून ज्याचे फोटो त्याला पाठवणे, हाच आमचा धंदा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या बायकोचा, शालूचा. मी लग्नांचे फोटो काढायचो आणि ती ते पाहुण्यांपर्यंत पोचवायची. त्या दिवशी शालू जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तेरवीला पाटावर ठेवायला तिचा एक धड फोटो आमच्या घरात नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या दिवसांत रोज पाहिला. पाटावर समई होती आणि तिच्यामागे नुसती भिंत.

या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असे संपादकांनी फार पूर्वी सांगितले होते. लिहायचे राहून गेले. आता लिहितो आहे तर सगळे या रिकाम्या भिंतीपाशीच येऊन थांबते, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

बाहेरच्या माणसाला आमचे काम थोडे समजावून सांगतो. पूर्वी लग्नाचा अल्बम एकच असायचा आणि तो यजमानाच्या कपाटात राहायचा. पाहुणा वर्षभराने भेटला तरी विचारायचा, "माया फोटो निघाला होता का गा?" मग पेन ड्राइव्ह आले, मग व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. ग्रुपवर सगळ्यांचे सगळे फोटो सगळ्यांना. कोणी जेवताना तोंड उघडलेले, कोणी खुर्चीत झोपलेले, सगळे गावभर. आताची पद्धत वेगळी आहे. मंगल भवनाच्या दाराशी एक फलक ठेवतो, त्यावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन असतो. पाहुण्याने तो मोबाइलने टिपायचा, स्वतःचा एक सेल्फी द्यायचा, नंबर द्यायचा. पुढे आमच्या हजारो फोटोंमधून संगणक तो चेहरा शोधतो आणि त्या पाहुण्याला एक लिंक जाते. तिच्यात फक्त तो ज्यात आहे तेच फोटो. दुसऱ्याचे काही दिसत नाही. एका फोटोत दोघे असतील तर तो दोघांनाही जातो.

हे सगळे दाराशी उभे राहून समजावायचे काम शालूचे. मी पुस्तकात रमणारा, कमी बोलणारा माणूस. एम.ए. झालो, मास्तरकी मिळाली नाही, म्हणून कॅमेरा हातात घेतला. कॅमेऱ्यामागे बोलावे लागत नाही. शालू मात्र गोंदियाकडची, चार पाहुण्यांत पाच नाती शोधणारी. फलक हातात धरून ती दारात उभी असायची आणि येणाऱ्याला अडवायची. "मामाजी, इकडे पाहा. हसा जरा. लग्न तुमचं नाही, तुमाले कायची भीती?"

गमती पुष्कळ व्हायच्या. एका नवरदेवाचा लग्नानंतर फोन आला. आवाज रडकुंडीला. "भाऊ, माया लिंकमध्ये रिसेप्शनचे सारे फोटो आहेत, पण लग्नाचा एकबी नाही. मी लग्नात नव्हतो का?" झाले असे होते, की लग्नाच्या वेळी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याच्या कपाळाला बाशिंग बांधलेले, दोन्ही गालांवर मुंडावळ्या. संगणकाला तो नवरदेव म्हणजे नुसता फुलांचा झुपका वाटला. वरमाला पडताना साऱ्या मांडवात तोच एक अनोळखी ठरला. शालूने त्याला दुकानात बोलावले, घरून मुंडावळ्या आणायला सांगितल्या, त्या बांधून पुन्हा सेल्फी घेतला. हिंदी मुलखातल्या आमच्या जुनवानीच्या भर बाजारात तो बिचारा जीन्स घालून मुंडावळ्या लावून बसला होता. समोरचा चहावाला विचारून गेला, "भैया, दूसरी शादी है क्या?"

आणखी एक वहिनी आठवतात. त्यांच्या यजमानांना साखरेचा आजार. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "शालूताई, यांचे फोटो दाखवा मले. जिलेबी खाल्ली का नाही ते पाहायचं आहे."

शालू म्हणाली, "वहिनी, भाऊजींचे फोटो भाऊजींच्याच फोनवर. मी नाही दाखवत."

"बायको आहो मी त्याची!"

"म्हणून तर नाही दाखवत."

वहिनी फणकारून निघाल्या. पण दारातच त्यांना काय सुचले कोण जाणे, त्यांनी स्वतःचीच लिंक उघडली. त्या स्टेजसमोर ऐटीत उभ्या होत्या, आणि त्यांच्या खांद्यामागे, लांब जिलेबीच्या कढईपाशी, भाऊजी दोन्ही हातांनी खात होते. वहिनी परत फिरल्या नाहीत, पण त्यांची पाठ सारे सांगत होती. शालू हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "आता मी काय करू? ते वहिनीच्या फोटोत आहेत, म्हणजे वहिनीचेच झाले."

हे हसण्यावारी गेले, तरी शालू या बाबतीत फार कडक होती. त्याला कारण होते. ग्रुपवर फोटो टाकायच्या काळात एका लग्नात नवरीच्या मैत्रिणी नाचल्या. त्यातल्या एकीचा फोटो ग्रुपमधून कोणीतरी उचलला आणि तो फिरत फिरत, वाईट शेरे लागून, तिच्या गावी पोचला. तिची आई आमच्या दुकानात येऊन बसली. भांडली नाही, नुसती बसून राहिली. ती गेल्यावर शालूने दोन नियम केले. ज्याचा चेहरा त्याचाच फोटो, हा पहिला. आणि यजमानाला पूर्ण संच लगेच द्यायचा, पण लग्नाचा सीझन संपला की आपल्याकडचे सगळे पुसून टाकायचे, फोटो, सेल्फी, नंबर, सारे, हा दुसरा. मी म्हणायचो, एखादी प्रत ठेवू या. ती म्हणायची, "दुसऱ्याच्या घरचे चेहरे आपल्या घरी कायले ठेवायचे?"

आता मनोहरबद्दल सांगतो. पुढचे सारे त्याच्यामुळे झाले.

मनोहर रसमड्याच्या एका कारखान्यात फिटर. त्याच्या सोबत काम करणाऱ्याच्या मुलीचे लग्न पावर हाउस भागातल्या एका मंगल भवनात होते, फोटो आमचे होते. मनोहर त्या दिवशी वाढपात होता. फलकापाशी थांबायला त्याला वेळ झाला नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याचे वडील, देवाजीबाबा, झोपेतच गेले. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून निवृत्त झालेले, उन्हातल्या काडीसारखे वाळलेले म्हातारे. मनोहरने मुंडन केले, मिशी काढली आणि मग त्याला आठवले की बाबा त्या लग्नाला आले होते. त्याने फलकावरचा चौकोन कोणाकडून तरी मिळवला, स्वतःचा सेल्फी दिला. वाटले, बाप-लेक कुठेतरी बरोबर सापडतील. मोबाइलवर उत्तर आले, "एकही फोटो सापडला नाही."

तो दुकानापाशी आला तेव्हा आत शिरला नाही. पायरीखाली उभा राहिला. सुतकात होता.

"भाऊ," तो मला म्हणाला, "तुमची मशीन म्हणून राहिली, मी लग्नात नव्हतोच. शंभर पानांवर मी भात वाढला, अन् मी नव्हतो?"

मी त्याच्या डोक्याकडे पाहिले. संगणकाच्या चुकीचे कारण समोर चकाकत होते. त्याला समजावून सांगितले, आमच्या नियमाने दुसऱ्याचा फोटो आम्ही काढून देत नाही हेही सांगितले आणि सुचवले, "यजमानांकडे साऱ्या फोटोंचा संच आहे. त्यांना माग."

तो मान हलवत राहिला. "त्यांची पोरगी आता नांदाले गेली. घराले अजून तोरण आहे. त्या घरी मी मरणाची गोष्ट कशी काढू? फोनवरबी नाही काढत." मग म्हणाला, "तेरवीले ठेवाले बाबाचा फोटो नाही. कंपनीच्या पासवरचा आहे, त्यात तो चोर दिसते."

शालू आतून ऐकत होती. तिने वडिलांचे वर्णन विचारले. पांढरी टोपी, गळ्यात मफलर, उन्हाळा असूनही. ती एकदम म्हणाली, "थांबा. ते बाबा? माया हातावर चापट मारणारे?"

देवाजीबाबा लग्नात फलकापाशी आले होते. त्यांच्याकडे मोबाइलच नव्हता. शालूने तिच्या मोबाइलवर त्यांचा सेल्फी घेतला होता आणि नंबरही स्वतःचाच टाकला होता. बाबांनी विचारले होते, "मले कसे भेटतील मंग?" ती म्हणाली होती, "मी आणून देतो ना घरी." सीझनच्या धावपळीत ते राहून गेले होते. बाबांची लिंक तिच्या मोबाइलमध्ये तशीच होती.

तिने ती मनोहरला पाठवली. म्हणाली, "हे बाबाचेच आहेत. तुमी त्यांचे, म्हणून तुमाले."

मनोहरने पायरीखाली उभ्या उभ्या लिंक उघडली. एका फोटोत देवाजीबाबा बँडपुढे नाचत होते, मफलर दोन्ही हातांत ताणून. मनोहरने तो बोटांनी मोठा केला. म्हणाला, "हा नाचला कधी? मी तर आत भात वाढून राहिलो होतो." मग म्हणाला, "जिंदगीभर आमाले नाचू नाही देलं बुढ्यानं."

नाचणारा फोटो तेरवीला ठेवतात का, यावर त्याच्या घरी मोठे भांडण झाले असे पुढे ऐकले. मनोहरने तोच ठेवला.

त्यानंतर कितीतरी लग्ने झाली. सीझन आला, गेला, शालू पुसत गेली. मग तिचे दुखणे निघाले आणि गेल्या सीझनला ती एकाही लग्नाला आली नाही. मी एकटाच जायचो, फलक दाराशी खुर्चीवर टेकवून ठेवायचो. त्या लग्नांत लिंक कमी गेल्या. खुर्ची कोणाला मामाजी म्हणत नाही.

ती गेल्यावर आम्ही फोटो शोधायला बसलो. मी तिच्यावर कॅमेरा धरला की ती हात आडवा करायची, "कामावर आहो मी" म्हणायची, आणि मला ते खरेच वाटायचे. मुलीच्या मोबाइलमध्ये शेवटच्या दुखण्यातले होते. ते मुलीला नको होते, मलाही नको होते. उरला आधार कार्डावरचा. मुलीने तो मोठा करून पाहिला आणि बंद केला. मग मी एक वेडेपणा केला. त्याच आधारच्या फोटोवरून आमच्या संगणकात तिचा चेहरा शोधला. शिल्लक होता तो गेला सीझन फक्त. उत्तर आले, "एकही फोटो सापडला नाही."

तिने स्वतःच्या हाताने स्वतःला पुसून टाकले होते. मला राग आला नाही. नियम चांगला होता, आजही आहे. पण समईमागची भिंत काही बोलेना.

मनोहर भेटायला आला तेव्हा मी अंगणात बसलो होतो. त्याचे केस केव्हाच वाढले होते, आता मी तुळतुळीत होतो. त्याने पाया पडून पाटाकडे पाहिले.

"वहिनीचा फोटो कावून नाही ठेवला?"

मी सांगितले. सारे सांगायला वेळ लागला, मला बोलायची सवय नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, वहिनी साऱ्याच लग्नात दारात उभी राहे. दारातून आल्याबिगर कोणी जेवाले गेलं का? लोकाईच्या फोटोत मागे कुठंतरी असंलच ना ती?"

मला जिलेबी खाणारे भाऊजी आठवले.

"पण ते फोटो लोकांचे आहेत," मी म्हणालो. "मी कसे मागू?"

"तुमी नका मागू. मी मागतो."

त्याने तिथेच बसून समाजाच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला. शब्द असे काहीसे होते: "शालूवहिनी गेली. तिचा फोटो घरात नाही. आपापल्या लग्नातले फोटो पाहा, मागे वहिनी दिसली तर भाऊले पाठवा. दुसऱ्या कोणाले नका पाठवू. तिचा नेम होता."

संध्याकाळपासून माझा मोबाइल वाजू लागला. जे फोटो मी एकेकाला कुलूप लावून दिले होते, ते लोक आपणहून माझ्याकडे पाठवत होते. कोणी बारशातले, कोणी साखरपुड्यातले. साखरवाल्या वहिनींनी पाठवला, खाली लिहिले होते, "यात माझे पोट दिसते, पण ताईसाठी पाठवते." मुंडावळ्यांच्या नवरदेवाने आईबापाबरोबरचा पाठवला. ज्या मुलीचा नाचाचा फोटो फिरला होता, तिच्या आईचाही एक आला, नंतरच्या कुठल्या तरी लग्नातला. ती बाई पुन्हा आमच्या फलकापाशी थांबली होती, हे मला त्या दिवशी कळले. शालूने मला कधी सांगितले नव्हते.

आम्ही बाप-लेक एकेक फोटो मोठा करून पाहत होतो. कुठे नुसता हिरव्या साडीचा काठ, कुठे फलक धरलेला हात. कुठे पूर्ण शालू, पण लांब, धूसर, कोणाकडे तरी वाकलेली. इतके फोटो मी काढले आणि त्यात ती इतकी होती. प्रत्येक वेळी मी कॅमेरा दुसऱ्या कोणावर रोखलेला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला किती पाहत होता." ते मी पाहत नव्हतो, कॅमेरा पाहत होता. पण तिच्या म्हणण्याने बरे वाटले आणि मी ते तसेच राहू दिले.

अडचण वेगळीच निघाली. तेरवीच्या फोटोला हार घालायचा असतो, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. आलेल्या प्रत्येक फोटोत पुढे कोणीतरी धडधाकट पाहुणा होता. पाहुण्याला कापून शालूला वेगळी काढावी, तर ती इतकी मागे होती की मोठी करताच नुसता रंगांचा लगदा होई. माझ्या बहिणीने तर बजावलेच, "साखरवालीच्या फोटोले हार घालशीन तर ते मले खाऊन टाकंल." दुःखाच्या घरात आम्ही हसलो.

तेरवीच्या आदल्या दिवशी मनोहर पुन्हा आला. म्हणाला, "माया बाबाची लिंक तुमी पुसली असंन, पण मी सारे उतरवून ठेवले होते. नाचणाऱ्याशिवाय बाकीचे कधी नीट पाहिलेच नाही. काल बसलो पाहात." आणि त्याने मोबाइल माझ्या हातात दिला.

मंगल भवनाचे दार. देवाजीबाबा पांढरी टोपी, मफलर घालून ताठ उभे, पासवरच्यासारखेच संशयी. आणि त्यांच्या शेजारी, अगदी पुढे, स्वच्छ उजेडात शालू. तिने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला होता आणि मान वाकडी करून ती त्यांना हसवत होती. बाबांचा हात तिच्या हातावर चापट मारायला उचललेला. तिचा आडवा हात कुठेच नव्हता. फोटो मीच काढला असणार, दारातला तो उजेड मी ओळखतो. काढल्याचे आठवत नाही.

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आई अशीच होती." मग थोडी चाचरली. "पण बाबा, आजोबांना कापावं लागेल."

मी मनोहरकडे पाहिले. तो म्हणाला, "कापता कायले? माया बापालेबी हार चालते आता. मोठा आणा म्हणजे झालं, दोघाले पुरला पाहिजे."

पावर हाउसच्या बाजारातून त्यानेच हार आणला, झेंडूचा, दोघांना पुरेल असा. तेरवीला आलेल्यांनी पाटावरचा फोटो पाहिला, आणि कोणालाही वावगे वाटले नाही. ज्यांनी ज्यांनी फोटो पाठवले होते, त्यांतले बरेच जण आले होते. मला त्यांचे आभार मानायचे होते, जमले नाही. त्यासाठीच हे लिहिले, असे समजा.

तो फोटो आता दुकानात आहे, फलकाच्या वरच्या भिंतीवर. नवीन गिऱ्हाईक येते, शालूला पाहते, हात जोडते आणि विचारते, "अन् हे आजोबा? ताईंचे वडील का?"

मी सांगतो, "नाही, पाहुणे आहेत. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. ती म्हणाली होती, घरी आणून देईन."